चिठ्ठी कोणाच्या नावाने?

‘डॉक्टर, तुम्हीच सांगा, कुठे करू?’ इकोचा रिपोर्ट पुढे सरकवत पेशंट असे विचारतो, तेव्हा झडपेच्या शस्त्रक्रियेचा अर्धा निर्णय आपल्या दवाखान्यातच होऊन जातो. आपण एक नाव सांगतो, लेटरहेडवर चार ओळी खरडतो, खाली ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहून सही करतो. ते नाव आपल्याला का सुचते? तिथे आपला बॅचमेट असतो, मागची सीएमई त्यांनी घेतलेली असते, दिवाळीला त्यांचा मार्केटिंगवाला सुकामेव्याचा डबा ठेवून गेलेला असतो. काही ठिकाणी डब्यापुढचेही असते. त्यावर इथे प्रवचन करायचे नाही. रेफरलचे कमिशन २००२च्या आचारसंहितेत निषिद्ध आहे आणि कट प्रॅक्टिसविरुद्ध आपल्या राज्यात २०१७ साली केलेला मसुदा मसुदाच राहिला, हे सर्वांना ठाऊक आहे. हे संपादकीय पाकीट न घेणाऱ्या, पण सवयीने एकच नाव सांगणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे.

समजा, धडगाव तालुक्यातली चोवीस वर्षांची बाई आहे. ऱ्हुमॅटिक मायट्रल स्टेनोसिस, चढ चढताना धाप, एक मूल, दुसरे हवे आहे. हिला सर्जनकडे पाठवायचे की आणखी कुठे? झडप लवचिक असेल, कॅल्शियम फारसे नसेल, गळती बेताची असेल आणि डाव्या कर्णिकेत गुठळी नसेल, तर हिला छाती उघडण्याची गरजच नाही. जपानच्या कांजी इनोउए यांनी फुग्याने झडप रुंदावण्याची पद्धत १९८४ साली प्रसिद्ध केली आणि आपल्याकडच्या असंख्य तरुण पेशंटची शस्त्रक्रिया तिने टाळली किंवा पुढे ढकलली. म्हणून ‘चांगला सर्जन कोण’ याच्या आधी ‘फुगा आणि शस्त्रक्रिया दोन्ही नित्याने होतात असे ठिकाण कोणते’ हे विचारावे. जिथे दोन्ही होते, तिथल्या सल्ल्याला वजन असते. जिथे एकच होते, तिथे बहुधा त्याचाच सल्ला मिळतो.

शस्त्रक्रिया करायचीच ठरली, तर सर्जनला आकडा विचारायला आपण बिचकतो. का बिचकावे? न्यूयॉर्क राज्याने बायपासचे रुग्णालयवार निकाल १९९० साली जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी ‘न्यूजडे’ या वृत्तपत्राने न्यायालयात जाऊन सर्जनवार निकालही मिळवले. त्याच राज्यातल्या मायट्रल शस्त्रक्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. वर्षाला पंचवीसहून अधिक मायट्रल शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांच्या हातून झडप बदलण्याऐवजी दुरुस्त होण्याचे प्रमाण जास्त होते आणि पेशंटही अधिक जगले. आपल्याकडे असे आकडे जाहीर करण्याची सक्ती नाही, पण फोन उचलून विचारायला कोणी मनाई केलेली नाही. ‘सर, गेल्या वर्षी मायट्रल किती केल्या? त्यात रिपेअर किती?’ वय झाल्याने सैल पडलेली, गळणारी झडप असेल तर दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा. ऱ्हुमॅटिक झडपेची दुरुस्ती अवघड आणि कमी टिकाऊ, तिथे बदलणाऱ्या सर्जनला दोष देता येत नाही. चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही, असा आमचा अनुभव आहे. ‘आमच्याकडे सगळे उत्तमच होते’ एवढेच उत्तर आले, तर समजून घ्यावे.

मृत्यूचे टक्केवारीतले आकडे मात्र जपून वाचावेत. हृदय थकलेले, पायावर सूज, यकृत वाढलेले असे पेशंट महापालिकेच्या आणि सरकारी रुग्णालयांच्या वाट्याला अधिक येतात. त्यांचा आकडा वेळ ठरवून येणाऱ्या, धडधाकट पेशंटच्या आकड्याशेजारी ठेवणे अन्यायाचे आहे. युरोस्कोअर-२ फोनवरसुद्धा काढता येतो. आपल्या पेशंटचा स्कोअर आपणच काढून मग चर्चा करावी.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जाते. हल्ली जिल्ह्याच्या गावांतही हृदयशस्त्रक्रिया होऊ लागल्या आहेत, ही आनंदाची बाब. पण सर्जन शनिवारी मोठ्या शहरातून येतो, दोन केसेस करतो आणि रविवारी परत जातो, असेही चालते. रात्री दोन वाजता ड्रेनमधून रक्त यायचे थांबले आणि दाब कोसळू लागला, तर हृदयाभोवती साचलेले रक्त काढायला छाती पुन्हा कोण उघडणार? आयसीयूत त्या वेळी कोण असते? झडप बसवल्यावर ऑपरेशन टेबलवरच अन्ननलिकेतून इको करून ती तपासतात का? ही माहिती ब्रोशरमध्ये नसते. तिथून परत आलेला पेशंट, तिथली सिस्टर, भूलतज्ज्ञ मित्र यांच्याकडून ती मिळते.

आता झडपेचा प्रकार. पाश्चात्त्य मार्गदर्शक तत्त्वे साधारण पन्नाशीच्या आतल्यांना धातूची आणि पासष्टीच्या पुढच्यांना प्राणिज ऊतीची झडप सुचवतात. त्यामागे गृहीत असे, की आयएनआर वेळेवर होईल. धडगावहून येतानाचा चांदसैली घाट पावसाळ्यात दरड कोसळून बंद पडतो, हे त्यात धरलेले नाही. धातूच्या झडपेला गोळी जन्मभर, मायट्रल असेल तर आयएनआर साधारण तीनच्या आसपास. शिवाय दुसरे मूल हवे असेल, तर वॉरफरिनचा गर्भाला धोका आणि गोळी थांबवली तर झडपेवर गुठळी. ऊतीची झडप तरुण शरीरात लवकर खराब होते, म्हणजे दहा-पंधरा वर्षांत दुसरी शस्त्रक्रिया. दोन्हींकडे किंमत मोजावी लागतेच. कोणती मोजायची, हे पेशंटला समजेल अशा भाषेत दोनदा बसून सांगणारा सर्जन निवडावा. ओपीडीत तीन मिनिटांत ‘इम्पोर्टेड टाकू’ म्हणणारा नव्हे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने घडवलेली झडप १९९०च्या डिसेंबरपासून वापरात आहे. ती देशी म्हणून दुय्यम, ही समजूत पेशंटच्या मनातून आपणच काढायची. महात्मा फुले योजनेत झडपेची शस्त्रक्रिया बसते. योजनेतल्या पेशंटकडे झडपेसाठी वरचे पैसे मागितले, तर त्याला आरोग्यमित्राकडे पाठवावे.

परत आलेला पेशंट शेवटी आपलाच असतो. धातूच्या झडपेवर नवी रक्त पातळ करणारी औषधे चालत नाहीत. डाबिगाट्रानची चाचणी २०१२ साली अर्ध्यावर थांबवावी लागली. ऱ्हुमॅटिक मायट्रल स्टेनोसिससोबत एट्रियल फिब्रिलेशन असलेल्यांतही जुनी औषधेच सरस ठरली, हे २०२२च्या इन्व्हिक्टस चाचणीने दाखवले. तरीही ‘आयएनआरची कटकट नको’ म्हणून गोळी बदलल्याच्या केसेस आमच्या कानावर येतात. हे ताबडतोब थांबले पाहिजे.

तेव्हा चिठ्ठीत एवढे तरी लिहा: पेशंट राहतो कुठे, आयएनआर कुठे आणि किती दिवसांनी करू शकेल, मूल हवे आहे का, दात दाखवून घेतले का, पेनिसिलिन चालू आहे का. ऱ्हुमॅटिक पेशंटचे १२ लाख युनिटचे इंजेक्शन झडप बदलल्यावरही दर तीन आठवड्यांनी चालूच ठेवायचे असते. बहुतेक ठिकाणी ते शस्त्रक्रियेनंतर बंद पडलेले दिसते, कारण डिस्चार्ज कार्डावर त्याचा उल्लेख नसतो आणि आपण विचारत नाही. दवाखान्यात झडपेच्या पेशंटची एक वेगळी वही ठेवा. तिच्यात नाव, झडपेचा प्रकार, आयएनआरची तारीख आणि इंजेक्शनची तारीख हे चार रकाने पुरेत.