कॅमेरा घेतांना

शिरोलीच्या एमआयडीसींत यंत्रशाळा चालविणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनीं परवां विचारलें, "घरीं आणि कारखान्यांतहि चालेल असा लहानसा 'फुल फ्रेम' कॅमेरा कोणता घ्यावा?"

३६ बाय २४ मिलिमीटरची ही चौकट प्रकाश पुष्कळ घेते. माजघरांतल्या मंद उजेडांतहि आजीबाईंचा चेहरा स्वच्छ उमटतो. २०१९ चा सिग्मा एफपी ४२२ ग्रॅमचा, २०२० चा सोनी ए-सेव्हन-सी ५०९ ग्रॅमचा. मोह साहजिकच पहिल्याचा! परंतु त्याला यांत्रिक पडदा नाहीं. चित्र ओळीओळीनें टिपलें जातें. मग लेथवर वेगानें फिरणाऱ्या चकचे जबडे वांकडे दिसतात, ट्यूबच्या उजेडांत पट्टे पडतात. सोनीला तो पडदा आहे, हाताचा कंप सांवरण्याची योजनाहि आहे. (व्हिडिओ घेतांना मात्र पडद्याचा उपयोग नाहीं.) भिंग जड घेतलें कीं लहानपण सरलें, १७३ ग्रॅमचें ४० मिलिमीटरचें पुरे.

१९२० सालीं 'सैरंध्री' दाखविण्यापूर्वीं बाबूराव पेंटरांनीं कोल्हापुरांतच स्वतः कॅमेरा घडविला होता. तेथल्या कारागिरानें नुसतें वजन पाहून सौदा कां करावा? दुकानदाराकडून एक दिवस मागून घ्या, आपल्याच लेथपुढें चार चित्रें काढा, असें त्यांस कळविलें आहे.