सोळा तास

परवा मावसभावाने एक लिंक पाठवली. दोन विमानतळांची नावं टाकायची, की मधलं अंतर आणि लागणारा वेळ समोर येतो. मी मुंबई-न्यूअर्क टाकलं. साधारण १२,५०० किलोमीटर, १६ तास. सोबत त्याची ओळ : "बघ, जग किती जवळ आलंय!"

मला हे अजिबात पटत नाही.

असली पानं पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत कमी अंतर घेतात, त्याला एका ठरलेल्या वेगाने भागतात आणि विमान चढण्या-उतरण्याचा अर्धा तास वर टाकतात. झालं! वारा हिशेबातच नाही. खरं तर उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून अमेरिकेतून घरी येताना जाण्यापेक्षा कमी वेळ लागतो. एअर इंडियाने २०१६च्या ऑक्टोबरात दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर हजारावर किलोमीटरने वाढलं आणि वेळ मात्र कमी झाला! उलट २०२५च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांचे तास वाढले. दिल्लीहून निघालेली काही विमानं तर इंधनासाठी व्हिएन्नाला उतरवावी लागली. गावं होती तिथेच होती.

असो. माझं भांडण त्या पानाशी नाही, स्वतःशी आहे.

न्यू जर्सीला आलो तेव्हा मीच बाबांना सांगितलं होतं, "काही लागलं तर सोळा तासांत दारात हजर." ते त्यांनी आल्यागेल्याला इतक्यांदा ऐकवलं, की सांगलीत आमच्या गल्लीला पाठ झालं असेल.

मग एका रात्री ताईचा फोन आला. बाबा आयसीयूत. फोन ठेवल्यापासून विमान हलेपर्यंत १५ तास गेले (त्यात पासपोर्टवरचा व्हिसा संपलाय का, हे शोधण्यात अर्धा तास. संपला असता तर परत कसा येणार, हा विचार त्या वेळीही मनात आला, याची अजून लाज वाटते). विमानात १५. मुंबईत इमिग्रेशन, बॅगा यांत दोन. पुढे गाडीने सांगली, घाटात ट्रक उलटलेला, नऊ तास. एकूण ४१.

तेव्हा माझ्यासारख्या परदेशी बसलेल्यांनी घरी विमानाचे तास सांगणं बंद करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. फोन ठेवल्यापासून दाराची कडी वाजेपर्यंतचे सांगावेत. ऐकायला वाईट वाटतं, पण शेजारच्या कुणाला आधी हाक मारायची ते घरच्यांना ठरवता येतं. ताई, वाचत असशील तर चिडू नकोस. तू एकटीने काढलेले ते ४१ तास मी अजून मोजतोय.

बाबा वाचले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला पाहिलं आणि विचारलं, "कधी निघालास?"

मी म्हणालो, "काल."