चित्रपटातील संघर्षदृश्य : चौकट, रंग आणि पक्ष

मराठी विभागांत चित्रपटाचा विचार होतो तो बहुधा माध्यमांतराच्या निमित्ताने. मूळ कथेतील कोणता प्रसंग राहिला, कोणता गळला, याची नोंद झाली की चर्चा थांबते. कादंबरीच्या अभ्यासात निवेदक कोण व तो कोठून पाहतो हा प्रश्न अटळ मानणारी समीक्षा चित्रपटापुढे मात्र कथानकावरच समाधान मानते. या उणिवेची किंमत सर्वाधिक मोजावी लागते ती मारामारीच्या वा युद्धाच्या दृश्यात. तेथे संवाद जवळजवळ संपतात आणि प्रेक्षकाने कोणाच्या बाजूने उभे राहावे, हे कॅमेऱ्याची चौकट व रंगसंगतीच ठरवीत असते.

ओम राऊत यांच्या 'तान्हाजी' (२०२०) या हिंदी चित्रपटातील १६७० च्या सिंहगडाच्या लढाईचे दृश्य या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. रात्रीचा निळसर काळोख, मशालींचा तांबूस उजेड, भगवे निशाण आणि काळ्या वेशातील उदयभान, अशी ही मांडणी आहे. पहिला वार होण्यापूर्वीच रंगांनी निवाडा दिलेला असतो. उदयभान हा मोगलांच्या चाकरीतील राजपूत किल्लेदार होता. त्या काळातील निष्ठांची ही गुंतागुंत काळ्या रंगात बुडून जाते. पोवाड्यातही नायक असाच ठळक रंगवला जातो, असा आक्षेप यावर घेता येईल व तो रास्तही आहे. तथापि पोवाड्यात शाहीर श्रोत्यांसमोर उभा असतो. ही त्याची वाणी आहे, हे श्रोता विसरत नाही. चित्रपटातील निवेदक अदृश्य असतो. म्हणूनच त्याचा पक्ष हाच इतिहास म्हणून स्वीकारला जाण्याचा संभव अधिक.

याउलट नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'चा (२०१३) शेवट. छायालेखक विक्रम अमलाडी यांच्या चौकटीत येथे रखरखीत माती आहे, धूळ आहे. नायकासाठी राखून ठेवलेला रंग नाही. डुक्कर पकडण्यासाठी धावणारे जब्याचे कुटुंब आणि खेळ पाहावा तसे पाहून हसणारे गावकरी, असे दोन गट समोरासमोर येतात. डुक्कर वाहून नेणारे कुटुंब शाळेच्या ज्या भिंतीवरून जाते, तिच्यावर फुले, आंबेडकर यांची चित्रे आहेत. त्याविषयी कोणी बोलत नाही. माणसे व चित्रे एका चौकटीत आणून दिग्दर्शकाने भाष्य केले आहे. अखेरीस जब्याचा दगड थेट कॅमेऱ्याच्या रोखाने येतो. तोवर सुरक्षित अंतरावरून पाहणारा प्रेक्षक त्या क्षणी हसणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो. कथेचा सारांश सांगताना नेमकी हीच गोष्ट हातातून निसटते.

'सैराट'मध्ये (२०१६) तर हत्येचे कृत्यच चौकटीबाहेर ठेवले आहे. पूर्वार्धातील हिरव्या-पिवळ्या प्रसन्न रंगांनंतर शेवटी उरतात ती लहान मुलाची रक्ताने माखलेली तांबडी पावले, ध्वनीही थांबवलेला. हिंसा दाखवली असती तर ती प्रेक्षणीय होण्याचा धोका होता. ती न दाखवल्याने तिचा परिणाम दाखवता आला.

चौकट आणि रंग हे आशयावर चढवलेले अलंकार नव्हेत, हे या उदाहरणांवरून स्पष्ट व्हावे. किंबहुना संघर्षदृश्याचा आशय तेथेच घडतो. वाळूज औद्योगिक वसाहतीलगतच्या बजाजनगरासारख्या कामगारवस्तीतून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला कादंबरीपूर्वी चित्रपट भेटलेला असतो. त्याची जात, त्याचा इतिहास, त्याचा अभिमान यांविषयीची दृश्ये त्याच्यापुढे सतत येत असतात. ती कोणाच्या नजरेतून दाखवली जात आहेत हे विचारण्याची सवय वर्गात लागली नाही, तर ती अन्यत्र लागणे कठीण. म्हणून स्नातकोत्तर अभ्यासक्रमात निवेदनमीमांसेच्या जोडीला एखाद्या संघर्षदृश्याचे चौकटीगणिक वाचन असावे. त्यासाठी नवा विभाग नको. एक दूरदर्शन संच आणि दृश्य थांबवून प्रश्न विचारण्याची अध्यापकाची तयारी एवढे पुरेसे आहे.