पंखा कशाला टांगलाय?

बरेच दिवस इकडे लिहिणं झालं नाही. लेकाच्या नव्या फ्लॅटचं काम चाललं होतं आणि तिथेच हा वाद झाला. घरातली मंडळी हे वाचणार, ठाऊक आहे. वाचू देत. तोंडावर बोलले तेच लिहिते आहे.

बेडरूमला फॉल्स सीलिंग केलं. छान दिसतं, नाही कशाला म्हणू? पण स्लॅबमधला पंख्याचा हूक त्याच्या मागे गडप झाला. का, तर पंखा बेडच्या बरोब्बर मध्यावर हवा आणि हूक होता दीड फूट बाजूला. मग स्लॅबला चार भोकं पाडली, प्लास्टिकचे प्लग ठोकले, स्क्रू पिळून एक पट्टी बसवली आणि तिला पंखा! खाली माझी सहा वर्षांची नात झोपणार.

वायरमन म्हणाला, "आजी, पंचवीस किलो घेतो हा." घेत असेल, पण भिंतीवर. भिंतीवरच्या फोटोचं वजन स्क्रूला खाली दाबतं; छतावरचं वजन त्याला सरळ बाहेर ओढतं. प्लग भोकात नुसता घट्ट घासून बसलेला असतो, दुसरा आधार काही नाही. शिवाय फोटो फिरत नाही. 48 इंची पंखा चारेक किलोचा आणि मिनिटाला साधारण साडेतीनशे फेरे. दिवसाला पंधरा तास धरा. तीन लाख पंधरा हजार फेरे झाले, रोजचे! एक पातं जरा वाकलं की प्रत्येक फेऱ्याला एक हिसका. (गणित माझा विषय नव्हता, पण एवढं येतं.)

हूक म्हणजे काय, हे कुणी बघितलंच नाहीये का? स्लॅब ओतायच्या आधी जाड सळई वाकवून लोखंडी डबीत ठेवतात, तिची टोकं स्लॅबच्या सळ्यांना अडकवतात, मग काँक्रीट पडतं. म्हणजे पंखा अख्ख्या स्लॅबला टांगलेला असतो. आमच्या शाळेच्या जुन्या इमारतीत तर सागवानी तुळईत आरपार बोल्ट होते. पंखे कुरकुरायचे, पण पडला एकही नाही. हूक नसेलच तर लोखंडी अँकर फास्टनर मिळतो, बोल्ट आवळला की तो आतल्या आत फुलतो. तोही स्लॅबच्या काँक्रीटमध्ये हवा, नुसत्या गिलाव्यात नाही. आणि दांडीच्या बोल्टला नट लावून वर पिन घालायची असते, ती मला खिडकीत पडलेली सापडली! "राहिली असेल," म्हणे.

सूनबाईंचं म्हणणं, एसी आहे, पंखा लागतोय किती? मग काढून टाका की. शोभेचा पंखासुद्धा पडतोच. आणि वीज गेली किंवा बिल आलं की सगळ्यांना पंखाच आठवतो. इंटिरियरवाले म्हणाले, मध्यावर नसेल तर डोळ्याला खुपतं. खुपू दे. चार हजारांच्या दिव्यांच्या पट्टीवर तासभर खल झाला होता, पंख्याच्या बोल्टवर पाच मिनिटंही नाही.

मी नातीला माझ्या खोलीत झोपवायला लागले. चार रात्री झाल्यावर लेकाने वायरमनला परत बोलावलं. सीलिंगला गोल भोक पाडलं, लांब दांडी आणली आणि पंखा जुन्या हूकला गेला. बेड दीड फूट सरकवला. आता कपाटाचं एक दार अर्धंच उघडतं आणि त्यावरून मला रोज ऐकावं लागतं.