परतीची पेटी

परदेशी निघालेल्या माणसाला पोचवायला चार माणसे जमतात. हार घालतात, हातावर दही घालतात, पोचल्याचे कळव म्हणून बजावतात. तो परत येतो तेव्हा मात्र सर्वांचे लक्ष त्याच्या पेटीकडे असते. “काय आणलेस?” हा प्रश्न मुले उघड विचारतात आणि मोठी माणसे मनातल्या मनात. मला हा प्रश्न मुळीच हलका वाटत नाही. निघण्यात माणसाचा उत्साह दिसतो. पण जिथे गेला तिथे तो खरोखर पोचला होता की नाही, हे त्याने काय आणले यावरूनच कळते.

हा प्रश्न सर्वांत अवघड जात असेल तो मिशनऱ्यांना. कारण ते आणायला जातच नाहीत, द्यायला जातात. ज्याच्या हाती सदा देण्याची ओंजळ, त्याने घेण्यासाठी हात रिकामा करायचा कधी?

मराठी मुलखाला या मंडळींचा परिचय जुना आहे. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले. १६१६ मध्ये त्यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले आणि १६१९ मध्ये गोव्यातच त्यांनी देह ठेवला. विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालात आले, १८०५ मध्ये त्यांनी मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि १८३४ मध्ये श्रीरामपूरलाच ते वारले. दोघांनीही मायदेश पुन्हा पाहिला नाही. त्यांच्या बाबतीत परतीच्या पेटीचा प्रश्नच उरला नाही.

अमेरिकन मिशनची कथा निराळी. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे तरुण १८१२ च्या फेब्रुवारीत एकाच गलबतातून निघाले. कंपनी सरकारला ते कलकत्त्यात नको होते. हुकूम चुकवीत, अर्जविनंत्या करीत ते १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोचले. नॉट यांची प्रकृती ढासळली व १८१५ मध्ये ते परत गेले. हॉल राहिले. १८२५ मध्ये त्यांनी पत्नीला व मुलांना अमेरिकेस पाठवले, आणि पुढच्याच मार्चमध्ये, नाशकात पटकीच्या रोग्यांना औषधे देऊन परतताना, त्यांना स्वतःलाच पटकीने गाठले. सिंथिया फॅरार १८२७ च्या अखेरीस आल्या, मुंबईत आणि नगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. मध्यंतरी एकदा मायदेशी जाऊन आल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. त्यांची नगरची शाळा पाहून जोतीराव फुल्यांच्या मनात मुलींच्या शाळेचा विचार पक्का झाला, हे आपण विसरता कामा नये.

विसरू नये असे दुसरेही आहे. ही मंडळी आली ती आपला धर्म चुकीचा आहे असे मानूनच. बॉस्टनला जाणाऱ्या अहवालांत किती शाळा, किती पुस्तके, किती बाप्तिस्मे यांचे आकडे असत; त्या आकड्यांमागे दुभंगलेली घरे असत. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय गुदरले, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या घरांना सांगायला नको. तेव्हा देणाऱ्याने काय दिले याचा हिशेब कोणी कौतुकाने करील, कोणी रागाने करील. पण त्याने काय घेतले याचा हिशेब सहसा कोणी करीत नाही. तो मी एका माणसाच्या बाबतीत करणार आहे.

रेव्हरंड जस्टिन ॲबट १८८१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम करण्यासाठी मुंबईस आले. जवळजवळ तीस वर्षे त्यांनी ते केले आणि १९१० मध्ये ते अमेरिकेस परतले. न्यू जर्सीतल्या समिट या गावी ते स्थायिक झाले. वय सत्तावन्नच्या घरात. अशा माणसाने काय करावे? चर्चमधून हिंदुस्थानच्या गोष्टी सांगाव्यात, साप आणि साधू यांची चित्रे दाखवावीत, बाग करावी. ॲबटसाहेबांनी पेटी उघडली. तिच्यात महिपती होते!

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ताहराबादचे महिपती. त्यांनी १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ आणि १७७४ मध्ये ‘भक्तलीलामृत’ पुरे केले. ज्यांना उपदेश करण्यासाठी ॲबट आले होते, त्या लोकांचे हे घरोघरचे पोथीवाङ्मय. त्यांनी ते इंग्रजीत आणायला घेतले. १९२६ मध्ये ‘भानुदास’, १९२७ मध्ये ‘एकनाथ’, १९२९ मध्ये ‘बहिणाबाई’, १९३० मध्ये ‘तुकाराम’, १९३२ मध्ये ‘रामदास’. सत्तरी उलटलेला म्हातारा, दारापुढे अमेरिकेतले बर्फ आणि मेजावर ओवी! १९३२ मध्ये ते वारले. नरहर गोडबोले यांच्यासह केलेले ‘भक्तविजया’चे भाषांतर १९३३ पासून प्रसिद्ध झाले, ते पाहायला ते उरले नव्हते.

ॲबट हिंदू झाले नाहीत. अखेरपर्यंत ख्रिस्ती पाळकच राहिले. मला तर यातच त्यांचा मोठेपणा दिसतो. आपले घर न सोडता दुसऱ्याच्या देवघराशी जोडे काढून उभे राहणे सोपे नाही. नाथांनी श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढले, काशीची गंगा तहानलेल्या गाढवाच्या मुखात ओतली, या कथा आपण इतक्यांदा ऐकल्या आहेत की त्या ऐकू येईनाशा झाल्या आहेत. ॲबटांना त्या ऐकू आल्या, आणि आपल्या देशबांधवांनाही त्या ऐकवाव्यात असे वाटले. जो निरोप घेऊन आला होता, तो निरोप घेऊन परत गेला. मिशन याहून अधिक पुरे कसे व्हायचे?

आता विमानाने हा सगळा प्रवास आटोपशीर झाला आहे. १९६० मध्ये ‘यूथ विथ अ मिशन’ ही संस्था निघाली. तिच्यासारख्या संस्थांमुळे तरुण मुले थोड्या मुदतीसाठी परदेशी मिशनकार्याला जाऊ लागली. दहा-पंधरा दिवस जायचे, भिंत रंगवायची, मुलांशी खेळायचे, निरोपाच्या दिवशी डोळे पुसायचे. स्टीव्ह कॉर्बेट आणि ब्रायन फिकर्ट या दोघा ख्रिस्ती अमेरिकन अध्यापकांनी २००९ मध्ये पुस्तक लिहून या मदतीनेच अपाय कसा होतो ते दाखवले. गावातल्या गवंड्याचे काम पाहुण्याने केले, की गवंड्याची मजुरी तर बुडतेच, शिवाय आपण कशाच्याही लायक नाही असे गावाला वाटू लागते.

हे वाचून दुसऱ्यांना हसावे, तर आमच्या महाविद्यालयातही राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर असतेच. परतल्यावर मुले अहवाल लिहितात: आम्ही रस्ता केला, आम्ही स्वच्छतेचे महत्त्व पटवले, आम्ही प्रबोधन केले. सगळी वाक्ये ‘आम्ही’ने सुरू होणारी. एका वर्षी मात्र एका मुलीने वहीच्या मागल्या पानावर एका आजीबाईंकडून ऐकलेल्या ओव्या उतरवून आणल्या होत्या. अहवालाच्या नमुन्यात त्यांना जागा नव्हती. मी त्या अहवालाला जोडून पाठवल्या.

जाण्याला तीस वर्षे लागोत की सात दिवस, आपण ज्यांना शिकवायला गेलो त्यांच्यातला एक तरी आपला गुरू झाला का, एवढेच परतताना स्वतःला विचारावे. गुरू भेटला नसेल, तर तिकिटाचे पैसे फुकट गेले असे खुशाल समजावे.

आणि जे कुठेच गेले नाहीत, त्यांचे काय? ‘भक्तविजय’ आपल्या पुष्कळ घरांत अजून असेल. आजीच्या वेळचा, लाल फडक्यात बांधलेला. समिट गावच्या त्या म्हाताऱ्याने तो सातासमुद्रांपलीकडे नेऊन उघडला. आपल्याला तो फक्त फळीवरून खाली घ्यायचा आहे.