आवाज बंद करा, गुरुजी

ज्वलनाचा धडा आला की एक प्रयोग ठरलेला. ताटलीत थोडं पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, तिच्यावर उपडा घातलेला काचेचा पेला. ज्योत विझते, पाणी पेल्यात वर चढतं. का चढलं, असं गुरुजींनी विचारायचा अवकाश, सगळा वर्ग एका सुरात सांगतो: ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. हवेत ऑक्सिजन एकपंचमांश आणि पाणीही कधीकधी साधारण तेवढंच चढलेलं. हिशेब इतका चोख जुळतो की शंका घ्यावी असं कुणाला वाटत नाही. आता हेच उत्तर खणखणीत आवाजात, पार्श्वसंगीतासह देणारे व्हिडिओही शाळेच्या स्मार्ट टीव्हीवर लागतात.

उत्तर चूक आहे. ज्योत विझते तेव्हा पेल्यातला ऑक्सिजन संपलेला नसतो. त्याचं प्रमाण 21 टक्क्यांवरून 16 टक्क्यांच्या आसपास उतरलं तरी मेणबत्ती मान टाकते. शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते, ती कुठे गेली? पाणी चढण्याचं मुख्य कारण उष्णता आहे. पेला ज्योतीवर येतो तेव्हा आतली हवा तापून फुगते आणि काही कडेने निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते, वाफेचं पाणी होतं, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. खात्री करायची तर त्याच पेल्याखाली एकीच्या जागी तीन मेणबत्त्या लावा. पाणी जास्त चढतं. पेला तोच, म्हणजे ऑक्सिजनही सुरुवातीला जवळपास तेवढाच होता ना?

आता हाच प्रयोग जवळून आणि संथ गतीने चित्रित केलेला पाहा. पेला टेकताच त्याच्या काठाखालून बुडबुडे बाहेर पडताना दिसतात. ज्योत जळत असते तोवर पाणी फारसं हलत नाही, आणि ती विझल्यावर भर्रकन वर येतं. ऑक्सिजन जसजसा खर्च होईल तसतसं पाणी चढायला हवं होतं, ते तसं चढत नाही. जे प्रत्यक्ष प्रयोगात दोन-चार सेकंदांत होऊन जातं आणि मागच्या बाकावरून मुळीच दिसत नाही, ते पडद्यावर दहा वेळा मागेपुढे करून पाहता येतं. वर्गातली फिल्म आणावी ती अशा कामासाठी. चुकीचं उत्तर मोठ्या आवाजात वदवून घ्यायचं असेल, तर गाईड पुरेसं आहे.

हा धडा अमेरिकेने सत्तर वर्षांपूर्वी भरपूर पैसा ओतून घेतला. 1956 साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या जेरॉल्ड झकारियास या भौतिकशास्त्रज्ञाने संस्थेचे अध्यक्ष जेम्स किलियन यांना एक टिपण दिलं. शाळांतलं भौतिकशास्त्र सुधारायचं असेल तर 20-20 मिनिटांच्या 90 फिल्म काढा, असा प्रस्ताव होता. त्यातून फिजिकल सायन्स स्टडी कमिटी उभी राहिली. पण काम सुरू झालं तसं नुसत्या फिल्मने भागत नाही हे मंडळींच्या ध्यानात आलं. 1960 मध्ये पाठ्यपुस्तक आलं, त्यासोबत प्रयोगवही आणि शिक्षकांसाठी मार्गदर्शिका. उपकरणं तर अशी की आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेलाही परवडावीत: सरबत प्यायच्या नळीचा तराजू, दाराच्या घंटीच्या टोल्यावर चालणारं कालमापक. फिल्म झाल्याच, पण त्यांची जागा ठरली. स्वतः झकारियास यांनी प्रकाशाच्या दाबावर फिल्म केली. अतिविरळ पोकळीत टांगलेला पातळ पत्रा निव्वळ प्रकाशाने हलतो, हे त्यात दिसतं. हे कुठल्या शाळेत करून दाखवणार? ती फिल्म हवीच. साध्या भिंगाची फिल्म मात्र कशासाठी, हा प्रश्न आपल्याकडे विचारला जात नाही.

प्रकाशाच्या धड्यात तर फिल्मची एक गोची आहे, आणि ती मला सगळ्यात मोठी वाटते. तिथे पाहणाऱ्याचा डोळा हा प्रयोगाचाच भाग असतो. वाडग्याच्या तळाशी नाणं ठेवा, ते काठाआड दडेल एवढं मुलांना मागे सरकवा आणि हळूहळू पाणी ओता. नाणं दिसू लागतं, पण सगळ्यांना एकदम नाही. उंच मुलाला आधी, बुटक्याला नंतर, कोपऱ्यातल्याला आणखी वेगळ्या वेळी. ‘मला दिसलं’, ‘मला नाही’ या गलक्यातच अपवर्तन आहे. कॅमेऱ्याला एकच डोळा, एकच जागा. त्याला नाणं दिसलं की साऱ्या वर्गाला दिसलं. आरशातल्या आभासी प्रतिमेचंही तेच. ती काचेवर चिकटलेली नसून काचेमागे आहे, हे कळायला मान डावी-उजवी हलवावी लागते. टीव्हीसमोर कितीही मान हलवा, चित्र पडद्यावरच राहतं.

वर्णपटाचं तर विचारूच नका. लोलकातून पडलेल्या पट्ट्यातला पिवळा हा खरोखर पिवळ्या प्रकाशाचा असतो. टीव्हीवरचा पिवळा हा शेजारशेजारच्या लाल आणि हिरव्या ठिपक्यांनी आपल्या डोळ्याला दिलेली थाप असते. म्हणजे वर्णपटाची फिल्म दाखवताना आपण मुलांना वर्णपट दाखवत नाही, त्याचं सोंग दाखवतो. पण थांबा, याचाही उपयोग आहे. त्याच टीव्हीवर पिवळा रंग आणून पडद्यापाशी भिंग धरायला सांगा. भिंग नसेल तर मोबाइलच्या काचेवर पाण्याचा बारीकसा थेंब ठेवा. थेंबाखाली रंगीत ठिपके सुटे झालेले दिसतील. हजारो रुपयांच्या टीव्हीचा मला ठाऊक असलेला सर्वांत उत्तम शैक्षणिक उपयोग हा आहे, आणि त्यासाठी इंटरनेटही लागत नाही.

सूक्ष्मदर्शकाच्या बाबतीत मात्र मी फिल्मच्या बाजूने आहे. शाळेत सूक्ष्मदर्शक एक, मुलं चाळीस. रांग लावून प्रत्येकाला काही सेकंद मिळतात. कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी पाहिली असं सगळेच सांगतात. कुणी हवेचा बुडबुडा पाहिलेला असतो, कुणी स्वतःची पापणी. बाईंना आत काय दिसतंय हे कळायला मार्ग नसतो. पडद्यावर बोट ठेवून सांगता येतं: ही भिंत, हे केंद्रक, आणि हा जाड काळ्या कडेचा गोल म्हणजे बुडबुडा, याला पेशी म्हणू नका. चित्रपटकलेला याचं वेड पार बाल्यापासून आहे. 1903 मध्ये लंडनच्या अल्हाम्ब्रा नाट्यगृहात फ्रान्सिस मार्टिन डंकन यांनी सूक्ष्मदर्शकातून टिपलेले चीजमधले किडे पडद्यावर वळवळले, तेव्हा प्रेक्षक तिकीट काढून पाहायला आले होते. फक्त फिल्मनंतर मुलांचा हात काचपट्टीला आणि फोकसच्या चाकाला लागलाच पाहिजे. नाहीतर पॅरामीशियम तळहाताएवढा असतो, अशी समजूत पक्की व्हायची.

आणि काही दृश्यं अशी आहेत जी फिल्मशिवाय नाहीतच. 1996 मध्ये मीर अंतराळस्थानकात मेणबत्त्या पेटवून पाहिल्या गेल्या. तिथे तापलेली हवा वर जात नाही, कारण वजनरहित अवस्थेत ‘वर’ असं काही नसतं. ज्योत लांबट न राहता निळसर आणि जवळजवळ गोल होते. अभिसरणाचा धडा शिकवून झाल्यावर हे एकच दृश्य दाखवा, पण आधी वर्गातली मेणबत्ती उन्हात धरून तिच्या सावलीत भिंतीवर थरथरणारी गरम हवा पाहू द्या. सावलीत आणखी एक गंमत आहे. मायकेल फॅरेडे यांनी मुलांपुढच्या मेणबत्तीवरच्या व्याख्यानांत ती दाखवली होती: ज्योतीचा सर्वांत तेजस्वी भागच सर्वांत गडद सावली पाडतो, कारण तिथे काजळीचे कण तळपत असतात.

आपल्याला ही कला परकी नाही. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल मिळवायला जो नमुना दाखवला, तो कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचा होता. अनेक दिवस एकेक चौकट टिपून मिनिटभरात रोप उगवताना दाखवलं. भारतीय चित्रपटाची सुरुवात अशी शाळेत दाखवण्याजोग्या फिल्मने झाली. पुढे 1984 मध्ये पुण्यात बालचित्रवाणी आली, मराठी मुलांसाठी मराठीत कार्यक्रम करणारी, आणि 2017 मध्ये ती बंद पडू दिली गेली. त्याच सुमारास पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड अवतरले आणि गावोगाव लोकवर्गणीतून टीव्ही लागत होते. पडदे आले आणि पडद्यावर लावायचं मराठीत कोण करणार, हा विचार मागे पडला. अपवाद अरविंद गुप्तांचा. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी मराठीसह अनेक भाषांत छोट्या फिल्म केल्या. त्यात फक्त हात दिसतात, खेळणं बनताना दिसतं आणि फिल्म संपते. मूल उठून काडेपेटी शोधायला लागतं.

सरकारी असो की खासगी, आजच्या बहुतेक शैक्षणिक व्हिडिओंचा दोष एकच: ते बोलणं थांबवत नाहीत. चित्र एक गोष्ट दाखवतं, निवेदक तिचा अर्थ आधीच सांगून मोकळा होतो आणि मुलांना पाहायला काही उरत नाही. फुकट सुधारणा करायची असेल तर रिमोटवरचं आवाजाचं बटण पुरेसं आहे.

या आठवड्यात ज्यांचा ज्वलनाचा धडा असेल, त्यांना एवढीच विनंती. ताटली, पेला आणि मेणबत्ती आधी वर्गात आणा. मग मोबाइलवर तेच संथ गतीने चित्रित करा, टीव्हीवर लावा, आवाज शून्यावर ठेवा आणि रिमोट मागच्या बाकावरच्या मुलीकडे द्या. तुमच्या वर्गाने पाणी कधी चढल्याची नोंद केली, ज्योत असताना की विझल्यावर, ते मला जरूर लिहा.