चार रुपये महिन्याची नोकरी

‘प्रतिकूल परिस्थितीतून वर आलेली तरुणी’ या विषयावर लिहा, असे स्मरणिकेच्या संपादकांनी कळवले तेव्हा आम्ही प्रथम थोडे कचरलो. असे लेख आम्ही पुष्कळ वाचले आहेत. गळके छप्पर, कंदिलाचा उजेड, फाटके दप्तर आणि अखेरीस अधिकाऱ्याची खुर्ची. वाचणाऱ्याचे डोळे पाणावतात आणि पान उलटते. त्यांत खोटे काही नसते. परंतु खुर्ची मिळाल्यानंतर काय घडले, हे त्यांत सहसा येत नाही. तेवढ्यासाठीच आम्ही हा लेख लिहावयास घेतला आणि नागपूरच्या जाईबाई चौधरी यांची निवड केली.

जाईबाईंचा जन्म १८९२ सालचा. पुढच्या आठ वर्षांत मध्य प्रांतावर दोन भीषण दुष्काळ कोसळले, पहिला १८९६-९७ चा आणि दुसरा १८९९-१९०० चा. खेड्यांतील भूमिहीन माणसांनी पोटासाठी शहराची वाट धरली. नागपुरात १८७७ पासून एम्प्रेस मिल चालू होती, रेल्वे होती, बाजार होता. म्हणजे अंगमेहनतीला गिऱ्हाईक होते. जाईबाईंच्या वाट्याला हमाली आली. डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर दुसऱ्याचे सामान. हमाल म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पुरुषच उभा राहतो. परंतु शहरात येऊन पडलेल्या आपल्या किती आज्या-पणज्यांनी ओझ्याखाली मान मोडून घेतली, याची नोंद कोणत्या वहीत आहे?

या ओझे वाहणाऱ्या तरुणीकडे ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंचे लक्ष गेले. त्यांच्या साहाय्याने जाईबाई लिहावयास-वाचावयास शिकल्या आणि मिशनच्या शाळेत त्यांना शिक्षिकेची नोकरी मिळाली. पगार महिना चार रुपये. नेहमीचा लेख येथे संपला असता. हमाल बाई शिक्षिका झाली, आणखी काय हवे?

परंतु अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते, हे सवर्ण पालकांना समजले. त्यांनी शाळेवर बहिष्कार घातला आणि जाईबाईंची नोकरी गेली. ज्या बाईने उचललेले सामान निःशंक घरात घेतले जात होते, तिने गिरवून दिलेले अक्षर मात्र विटाळले. दारिद्र्याशी त्यांनी दोन हात केले होते. आता ध्यानात आले की आपल्या गळ्यातील लोढणे निराळेच आहे आणि ते पगाराने सुटणारे नाही. आमच्या मते त्यांच्या आयुष्यातील हा क्षण नोकरी मिळण्याच्या क्षणापेक्षा थोर आहे. येथून परत हमालीकडे जाणारी वाट त्यांच्या ओळखीची होती आणि तिकडे त्या वळल्या असत्या तर कोणी दोषही दिला नसता.

त्यांनी १९२२ साली मुलींची शाळा काढली. शाळेला नाव दिले संत चोखामेळ्याचे. १९५६ नंतरच्या आपल्या पिढ्यांना हे नाव कदाचित खटकेल. ज्याची समाधी मंदिराच्या पायरीशीच राहिली, त्या भक्ताचे नाव आपल्या शाळेला कशाला, असा प्रश्न तरुण मंडळी विचारतात आणि तो रास्तही आहे. पण त्या काळी आपल्या माणसांजवळ अभिमानाने घ्यावे असे तेच नाव होते. बाबासाहेबांनीही १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावरील आपला ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांत चोखामेळा आहे. पूर्वजांनी चढलेल्या पायऱ्यांना आपण वरून हसू नये.

पुढे १९३७ साली नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले. जाईबाई तेव्हा पंचेचाळिशीच्या, पंधरा वर्षे शाळा चालवणाऱ्या. स्त्रियांच्या उन्नतीसाठी भरलेल्या त्या परिषदेत जेवणाच्या वेळी त्यांना आणि त्यांच्या भगिनींना वेगळे बसवण्यात आले. १ जानेवारी १९३८ रोजी आपल्या स्त्रियांनी सभा घेऊन या वागणुकीचा जाहीर निषेध केला. हा सारा इतिहास आज आपल्याला ठाऊक आहे, याचे मोठे श्रेय ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांना. त्यांनी चळवळीतील स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले. आपल्या घरोघरी ते असावयास हवे होते. किती घरी आहे, हे ज्याने त्याने पाहावे.

काळ बदलला, असे कोणी म्हणेल. बदलला खराच. त्याच नागपुरात १९३८ साली जन्मलेल्या कुमुद सोमकुवर संस्कृतात एम. ए. झाल्या. तरीही नोकरी मिळेना. आंतरजातीय विवाहानंतर त्या कुमुद पावडे झाल्या आणि मग नोकरी मिळाली. हे श्रेय आपल्या पूर्वीच्या आडनावाला कधीच मिळाले नाही, हे शल्य त्यांनी ‘अंतःस्फोट’मध्ये मांडून ठेवले आहे. चार रुपयांची नोकरी घालवणारी आणि प्राध्यापकीची वाट अडवणारी शक्ती एकच होती. फक्त तिची भाषा सुधारली होती.

आता थोडे आपल्याविषयी. या स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांची यादी नेहमीप्रमाणे हुद्द्यांसह छापली जाईल. आम्हालाही ती वाचून आनंद होतो. परंतु दरवर्षी दहावीनंतर मुलींच्या वसतिगृहातून काही पेट्या घरी जातात त्या परत येत नाहीत, त्यांची यादी आपण छापत नाही. पालकांना विचारले की उत्तर मिळते, “मुलगी हुशार आहे हो, पण शहरात ठेवायची कुणाकडे?” या उत्तराला आम्ही बरीच वर्षे सबब समजत होतो. मग आम्ही स्वतः एका मुलीसोबत खोली शोधत हिंडलो. पाच घरमालकांनी भाडे सांगण्याआधी आडनाव विचारले. त्यातल्या तिघांची खोली तेवढ्यात ‘कालच गेलेली’ निघाली.

प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी आपल्याकडे वर्गणी महिनाभरात जमली. कमान सुंदर झाली आहे, आमची तक्रार नाही. पण शहरात महाविद्यालयाजवळ चार-सहा मुलींना राहता येईल अशी जागा घेण्याचा विषय माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत तीनदा निघाला आणि तिन्ही वेळा ‘पुढे पाहू’वर थांबला. आपल्यांपैकी कित्येकांची शहरात स्वतःची घरे आहेत, काहींची दोन-दोन आहेत. मुलगी कर्तबगार असेल तर ती आपला मार्ग काढतेच, असे आम्हाला याच बैठकीत ऐकावे लागले. जाईबाईंनी मार्ग काढला हे खरे. पण त्यांच्यासारखा मार्ग प्रत्येक मुलीला एकटीने काढावा लागू नये, म्हणूनच तर त्यांनी शाळा काढली होती.

या जूनमध्ये आपल्या दोन मुली अकरावीसाठी नागपूरला निघाल्या आहेत. त्यांच्या राहण्याची सोय अजून झालेली नाही. ज्यांना करता येईल त्यांनी विद्यालयाच्या कार्यालयात मे महिन्याच्या आत कळवावे.